पाच मिनिटं नदी

"चुकीचं लावलं म्हणू नकोस, ताई. जुनं लावलं म्हण."

"जुनं लावलंस आणि ताजं म्हणून लावलंस. तुझ्या दुकानात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. आमच्या स्टेशनात खोटं म्हणतात."

"मी एक अक्षर तरी बोललो का? नदीचा आवाज लावला. आपल्याच नदीचा होता ना? का दुसऱ्या गावाची नदी आणून लावली?"

"मंगळवारचा होता."

"होता मंगळवारचा! पाण्याच्या आवाजावर तारीख असते का?"

"असते. गुरुवारी सकाळी सात वाजता लोकांनी मंगळवारची नदी ऐकली. दूधवाला मंगळवारच्या नदीत उतरला. हात मात्र त्याचा गुरुवारच्या नदीनं मोडला."

भाऊ हातातला स्क्रू-ड्रायव्हर उगाच उलटसुलट करत राहिला. बाजारात त्याचं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गेली नऊ वर्षं तो बहिणीच्या शब्दाखातर या रेडिओ स्टेशनची सगळी यंत्रं सांभाळत होता. फुकट. हे 'फुकट' तो कधी बोलून दाखवत नसे, पण चेहऱ्यावर मात्र ते कायम असायचं.

"ते रेकॉर्डिंग दे मला," ती म्हणाली.

"कशाला?"

"उद्या सकाळी सातला लावणार. आधी मंगळवारचं, मग ताजं. लोकांना दोन्ही ऐकवणार आणि सांगणार, आमच्याकडून हे झालं."

"ताई, परवा रविवार आहे!"

"माहीत आहे. शनिवारनंतर येतो तो."

रविवारी अकरा गावांची बैठक होती. वर्षातून एकदा अकराही गावांची माणसं स्टेशनच्या अंगणात जमत आणि हात वर करून ठरवत, की पुढचं वर्ष हे स्टेशन चालवायचं की नाही. वरून कुणाचं अनुदान नव्हतं, जाहिरात नव्हती. एका गावाकडे जनरेटरचं डिझेल, दुसऱ्याकडे झाडलोट, तिसऱ्याकडे छताची डागडुजी, अशा महिन्या-महिन्याच्या पाळ्या होत्या. टेबल एका गावाचं, पत्रे दुसऱ्याचे. एका गावानं फक्त एक खुर्ची दिली होती आणि पाठीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत गावाचं नाव रंगवलं होतं, की बसणाऱ्याच्या शर्टावर ते उमटेल की काय असं वाटावं. हात वर झाले की वर्षभर आवाज. नाही झाले की कुलूप.

आणि या वर्षी चार गावं आधीच कुरकुरत होती.

तेवढ्यात मास्तर आत आले. शाळेतून निवृत्त होऊन ते स्टेशन-समितीचे अध्यक्ष झाले होते, पण चालणं अजून वर्गात शिरतानाचंच होतं. खोलीत गोंगाट असला तर दारातच थांबायचे. आताही थांबले.

"बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येतंय," ते म्हणाले. "ट्रान्समीटरची गरजच नाही तुम्हा दोघांना."

"मास्तर, तुम्हीच सांगा हिला," भाऊ म्हणाला.

मास्तर येऊन त्या गावाच्या नावाच्या खुर्चीवर बसले. "बाई, खरं सांगू नका असं मी म्हणत नाही. सोमवारी सांगा, एवढंच म्हणतोय. खरं ते सोमवारपर्यंत काही नासत नाही."

"तुम्ही वर्गात गणित चुकीचं शिकवलंत, तर परीक्षा झाल्यावर दुरुस्त करायचात का?"

"आधीच करायचो. पण मला ठेवायचं की नाही, हे मुलं ठरवत नव्हती."

"मुलांनी ठरवलं असतं तर?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसत. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. खरं तर ऑपरेटरची नोकरी जाऊन एक पिढी उलटली होती. एकोणिसाव्या वर्षी ती याच खोलीत टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसली. कानाला हेडफोन, हातात पितळी टोकांच्या दोऱ्या, समोर भोकंच भोकं. कोण कुणाला फोन करतं हे तिला पाठ होतं, आणि कशासाठी करतं हे तिनं कधी ऐकलं नाही, असं ती शपथेवर सांगायची. (थोडं ऐकायची. पण बाहेर कधी गेलं नाही.) लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आले होते दोन-तीन. लाइन बिझी होती."

त्या नोकरीनं तिला एकच सवय लावली. लागली नसेल तर लाइन लागली म्हणायचं नाही. माणूस पलीकडे रडत असो, ओरडत असो, साहेब असो की हमाल असो, "लागत नाहीये" हे तोंडावर सांगायचं. एकदा एका बाईला वाईट वाटू नये म्हणून तिनं नुसतंच "देते हं, थांबा" म्हटलं होतं. ती बाई खिडकीशी चार तास उभी राहिली. तेव्हापासून नाही.

पुढे यंत्रं आली, एक्स्चेंज बंद पडलं, खोलीला टाळं लागलं. सात वर्षांनी अकरा गावांनी मिळून रेडिओ काढायचं ठरवलं तेव्हा जागा शोधताना सगळ्यांना हीच खोली आठवली, आणि खोलीबरोबर ती. "आवाज तुमचा, बाकी आमचं," असं तेव्हाचे लोक म्हणाले होते.

नदीचा माइक मात्र तिची कल्पना नव्हती. तो एका सुइणीनं लावायला लावला.

स्टेशनच्या मागच्या उतरणीखाली, दोनशे पावलांवर नदी. पूल तिकडे बारा मैलांवर. म्हणून सगळी ये-जा उतारावरून, म्हणजे जिथे पात्र रुंद आणि पाणी उथळ आहे तिथून. रेडिओ सुरू झाला तेव्हा ऑपरेटरबाई रोज सकाळी सांगायची, "उताराला पाणी मध्यम आहे." एक दिवस पलीकडची सुईण गळ्यापर्यंत ओलीचिंब स्टेशनात येऊन उभी राहिली.

"मध्यम म्हणजे काय हो, बाई? तुमच्या कमरेइतकं का माझ्या? तुम्ही ताडमाड. मी बुडाले असते ना तुमच्या मध्यमात!"

"मग कसं सांगू?"

"सांगूच नका. ऐकवा. आमचे कान काय भाड्यानं दिलेत?"

दुसऱ्या दिवशी वाहून गेलेल्या जुन्या पुलाच्या उरलेल्या खांबावर एक माइक बसला. वर कापलेला प्लास्टिकचा डबा, खाली काठावरून स्टेशनपर्यंत केबल. सकाळी सात ते सात-पाच, फक्त नदी. एक शब्द नाही. उताराच्या मधोमध एक मोठा दगड आहे, त्याला सगळे म्हातारा म्हणतात. त्याचं डोकं पाण्याबाहेर असलं की पाणी त्याच्या भोवतीनं गुळगुळ करत जातं. म्हातारा बोलतोय, म्हणजे उतरा. तो बुडाला की गुळगुळ बंद, नुसतं सपाट घूं. म्हातारा गप्प, म्हणजे घरी बसा. पोरं शाळेची वाट धरायच्या आधी हे ऐकत, बाया बाजाराचं ओझं डोक्यावर घ्यायच्या आधी ऐकत. पाहुण्यांना हसू यायचं. अकरा गावांना येत नसे.

आणि एक नियम होता. तो तिनं स्वतः ब्रशनं भिंतीवर लिहिला होता: माइक बंद तर आपणही बंद. केबल तुटली, पाणी शिरलं, काहीही झालं, तर पाच मिनिटं शांतता ठेवायची. गाणं नाही, बोलणं नाही. रेडिओ मुका राहिला की लोक समजत, आज आपल्याला माहीत नाही, आज पाय घालायचा नाही.

गुरुवारी सकाळी सातला पाच मिनिटं असताना भावानं माइकचं बटण वर केलं, तर नुसती खरखर. उंदरांनी केबल कुरतडली होती. ती स्वतः तिथे नव्हती, वरच्या गावातून निरोप गोळा करायला पहाटेच बसनं गेली होती. भाऊ एकटा. भिंतीवर नियम समोरच. पण त्याच आठवड्यात चार गावं म्हणत फिरत होती, "स्टेशन मेलेलंच असतं अर्धा वेळ, कशाला हात वर करायचा?" आणि याला ती पाच मिनिटांची शांतता गळ्याभोवतीच्या फासासारखी वाटली. त्यानं मंगळवारी माइक तपासताना भरून ठेवलेलं रेकॉर्डिंग काढलं आणि लावून दिलं. नदी काय, रोज तशीच तर वाजते.

ती वरच्या गावात बसथांब्याच्या बाकावर बसली होती. चहावाल्याचा रेडिओ चालू. म्हातारा छान गुळगुळत होता. तिला जरा नवल वाटलं, कारण डोंगरावर दोन दिवस ढग फुटल्यासारखे कोसळत होते. आणि तिसऱ्या मिनिटाला रेडिओतून एक शिंक आली.

"आक्छ्या!" आणि मागून "अगं बाई."

आपली शिंक माणूस ओळखतोच. मंगळवारी सकाळी डब्याखालचं कोळ्याचं जाळं काढायला ती खांबापाशी गेली होती, आणि धुळीनं शिंकली होती.

चहावाला म्हणाला, "नदीला सर्दी झाली वाटतं." ती तोवर उठून रस्त्याच्या मधोमध उभी होती, जी कुठली गाडी येईल तिला हात करत.

ती पोचली तेव्हा दूधवाला नदीतून बाहेर काढलेला होता. मोटारसायकल आणि चारही कॅन वाहून गेले होते. एका झुडपाला धरून तो वाचला. मनगटाच्या वर हात मोडला होता. आणि काठावर उभे असलेले लोक एकमेकांना म्हणत होते, "वय झालं. कान गेले."

कारण दूधवाल्याचा कान अकरा गावांत प्रमाण मानला जायचा. बावीस वर्षं रोज दोनदा नदी ओलांडणारा माणूस. म्हातारा किती बोटं बाहेर आहे हे तो घरात दाढी करता करता सांगायचा. लोक रेडिओ ऐकून वर त्याला विचारायला जायचे.

आज सकाळी, म्हणजे शुक्रवारी, ती त्याच्या घरी गेली होती. तो ओट्यावर बसला होता, हात प्लास्टरमध्ये, तोंड भिंतीकडे.

"दादा, तुमची चूक नव्हती," तिनं बसायच्या आधीच सांगितलं. "तो आवाज मंगळवारचा होता. आमच्याकडून जुना लागला."

तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "बाई, तुम्ही भल्या आहात. पण दया नको."

"दया कसली? खरं सांगतेय."

"दूध विकतो मी. पाणी घातलेलं मला लगेच कळतं."

आतून त्याची बायको बाहेर आली. "कालपासून हेच चाललंय. ऐकू येत नाही म्हणे मला! अहो, मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी ऐकतात हे, आणि वर उत्तर देतात!"

"तू गप्प बस."

"बघा! ऐकलं की नाही?"

ऑपरेटरबाईला हसू आलं. त्याला आलं नाही. "गाई विकतोय," तो म्हणाला. "व्यापारी मंगळवारी येणार आहे. ज्याला आपल्या नदीचं कळत नाही त्यानं दुसऱ्याच्या दाराशी दूध घेऊन जायचं नसतं. उद्या माझ्यामागे एखादं पोर उतरेल."

"दादा, उद्या सातला स्टेशनात या. दोन्ही आवाज लावते. तुमच्या कानांनीच ठरवा."

"बघू."

तो 'बघू' घेऊन ती तिथून निघाली होती. आणि आता दुपारी भावासमोर हात पुढे करून उभी होती.

"देणार आहेस की नाही?"

भावानं शर्टाचा खिसा मुठीत धरला. पेन-ड्राइव्ह तिथेच होता. "नाही. तुझं आयुष्य या खोलीत गेलंय, ताई. एका माणसासाठी तू तिला कुलूप लावायला निघालीयस. तो गाई विकेल, दुसरं काही करेल. आपण रविवारनंतर त्याला मदत करू. मी स्वतः करीन. पण त्या माइकवरून तू 'आम्ही खोटं लावलं' म्हणालीस, की त्या चार गावांना दुसरं काय हवं?"

"खोटं लावून उघडं ठेवलेलं स्टेशन मला नको."

"आणि बंद पडलेलं हवं?"

"ते कसं चालतं मला माहीत आहे. सात वर्षं बघितलंय."

"मी नाही देणार."

"नको देऊस. तोंड आहे मला. नाही तरी आवाज माझाच आहे ना, बाकी तुमचं."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बाई, समितीचा अध्यक्ष म्हणून मी तुम्हाला थांबवू शकतो."

"शकता."

मास्तर मग उठले. "उद्या सकाळी येतो," एवढंच म्हणाले, आणि ते थांबवायला येणार की ऐकायला, हे तिनं विचारलं नाही.

शनिवारी सहाला ती नदीवर जाऊन आली. पाणी उतरायला लागलं होतं, पण म्हातारा अजून वीतभर खाली होता. केबल भावानं गुरुवारीच जोडली होती, नीट, चिकटपट्टीचे तीन वेढे घालून. स्टेशनात मास्तर आधीच येऊन कोपऱ्यात बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन, बस पकडायची असल्यासारखे. भाऊ आला नव्हता.

सातला तिनं बटण वर केलं. 

"नमस्कार. ही वेळ नदीची आहे, माझी नाही. पण आज पहिली दोन मिनिटं मी घेणार आहे. गुरुवारी सकाळी सातला तुम्ही जी नदी ऐकलीत, ती गुरुवारची नव्हती. मंगळवारची होती. आपला माइक बंद पडला होता. आपला नियम आहे की अशा वेळी गप्प राहायचं. आपण गप्प राहिलो नाही. दूधवाले दादा त्या आवाजावर विश्वासून नदीत उतरले. त्यांचे कान चुकले नाहीत. चुकलं ते आपलं स्टेशन. आणि स्टेशनात त्या वेळी कोणीही असलं, तरी या खोलीची जबाबदारी माझी..."

दार वाजलं. भाऊ आत आला. दाढी न केलेला, डोळे लाल. तिच्याकडे न बघता त्यानं पेन-ड्राइव्ह यंत्राला लावला, वाकून माइकजवळ आला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कोणीही नाही. मी होतो. मी लावलं. हे बघा, हेच ते."

मंगळवारची नदी सुरू झाली. गुळगुळ, गुळगुळ.  तिसऱ्या मिनिटाला शिंक आली, "अगं बाई" आलं, आणि कोपऱ्यात मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी पिशवी तोंडाशी धरली. मग भावानं बटण फिरवलं आणि आजची नदी आली. सपाट घूं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

माइक बंद करून ती वळली, तर दारात दूधवाला उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. दाराबाहेर टांगलेल्या भोंग्यावर ऐकून मग आत आला असणार. चप्पल बाहेर काढलेली, प्लास्टरचा हात छातीशी.

"मंगळवारचं पुन्हा लावा," तो म्हणाला.

भावानं लावलं. दूधवाल्यानं डोळे मिटले. चांगल्या हाताचं एक बोट हवेत हलत होतं, जणू पाण्यातून काही चाचपतंय. शिंक आली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"चार बोटं बाहेर," तो पुटपुटला. "बरोबर. मी चारच म्हणालो होतो. बायकोला म्हणालो होतो." मग डोळे न उघडता, "आता आजचं."

घूं.

"बुडालाय. पण फार नाही." त्यानं अंगठा आणि करंगळी ताणून हवेत धरली. "एवढा."

वीतभर. ऑपरेटरबाईनं तासाभरापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला वाटलं, आता याचा चेहरा उजळेल. ती त्याचीच वाट बघत होती. पण डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं आणि संताप होता, आणि तो थेट तिच्याकडे बघत होता.

"दोन दिवस," तो म्हणाला. "दोन दिवस मी स्वतःला बहिरा म्हणून घेतलं. बावीस वर्षांचा कान मी दोन दिवसांत टाकून दिला. पाण्यानं नाही मोडलं मला एवढं."

"दादा, चुकलं माझं," भाऊ म्हणाला. "मोटारसायकल सापडली तर मी पार उघडून, धुऊन, पुन्हा चालू करून देतो. हात बरा होईपर्यंत पलीकडची दुधं मी पोचवतो, पुलावरून. बारा मैल तर बारा मैल."



मास्तर खाकरले. "उद्या बैठक आहे. तुम्ही आलात, दोन शब्द बोललात, तर ती चार गावं..."

"मास्तर," ऑपरेटरबाई म्हणाली, "ते विचारायचं नाही यांना." तिचा आवाज एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसायची तेव्हाचा होता, कोरडा आणि सरळ. "उद्या हात वर होतील नाही तर नाही होतील. झाले तरी सोमवारी सातला मी इथे आहे, न झाले तर त्या खांबापाशी उभी राहून ओरडून सांगेन. ते माझं मी बघते." ती दूधवाल्याकडे वळली. "दादा, मला एवढंच विचारायचंय. सोमवारी सातला तुम्ही रेडिओ लावाल?"

दूधवाल्यानं भिंतीवरचा नियम वाचला. पुन्हा एकदा वाचला. "लावीन," तो म्हणाला, "पण माइक बंद, तर तुम्हीही बंद." मग बाहेर जाऊन, एका हातानं दाराची चौकट धरून, चपला पायांत अडकवल्या, पायऱ्या उतरला आणि रस्त्याला लागला.